अडतीस ग्रॅमचा चाकू

गोतिए लेक्लुझने खिशात बाळगायचा चाकू घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्याने आधी खिसा मोजला. उजव्या खिशाची खोली सतरा सेंटिमीटर, तोंड साडेतेरा. मग खिशात रोज काय काय असतं ते प्रयोगशाळेच्या तराजूवर एकेक करून ठेवलं. किल्ल्या चौऱ्याऐंशी ग्रॅम, रुमाल एकवीस, सुटी नाणी सरासरी बत्तीस, आणि एक वाळलेलं चेस्टनट, अकरा ग्रॅम. ते तिथे कधीपासून आणि कशासाठी होतं, हे त्यालाही सांगता आलं नाही. कमरेच्या पट्ट्याची सोशिकता लक्षात घेता साठ ग्रॅमच्या वरचा चाकू या संसारात बसत नव्हता. हे सगळं वहीत उतरवून त्याने खाली दोन रेघा मारल्या.

"तुला चाकू घ्यायचाय की गाय?" त्याच्या बायकोने, सोलेनने, वहीत डोकावून विचारलं.

"रोज बाळगायची वस्तू आहे. विचार नको करायला?"

"माझ्याशी लग्न करताना एवढी मोजमापं नव्हती घेतलीस."

"तुला खिशात ठेवायचं नव्हतं," गोतिए म्हणाला. उत्तर शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं, पण त्या रात्री भांडी त्यालाच घासावी लागली.

मुदत तीन आठवड्यांची होती. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी साँ-वेरनांच्या सहकारी दूधसंघाचं वार्षिक जेवण होतं, आणि गोतिए त्या संघाची प्रयोगशाळा सांभाळत होता. गेल्या वर्षी तो या जेवणाला पहिल्यांदा गेला, तेव्हा ताटाशेजारी काटा होता, चमचा होता, चाकू नव्हता. या डोंगरात चाकू ज्याचा त्याने आणायचा असतो. यजमानाकडे चाकू मागणं म्हणजे पाहुण्याने दात घासायला ब्रश मागण्यासारखं. गोतिए जन्माने लीलचा, सपाट मुलखातला. त्याने मागितला.

चाळीस माना त्याच्याकडे वळल्या. मग शेजारच्या मादाम सिदोनीने, संघाच्या सत्त्याऐंशी वर्षांच्या सर्वांत जुन्या सभासदाने, त्याचं ताट आपल्याकडे ओढलं, हॅमचे बारीक बारीक तुकडे केले, त्यांवर फुंकर घातली आणि ताट परत सरकवलं. "खा, बाळा."

पोटात दुखतंय असं सांगून गोतिए अर्ध्या जेवणातून उठून घरी गेला. पण नाव मागे राहिलं. त्या दिवसापासून संघात तो 'बाळ' झाला. लोक तोंडावर 'मस्यू लेक्लुझ, तुम्ही' म्हणत आणि पाठ वळली की बाळ. हेही त्याने सोसलं असतं. पण जूनमध्ये त्याने एका टाकीतल्या दुधात नको ते जंतू सापडल्याचं लेखी कळवलं, तेव्हा शेतकरी म्हणाले, "बाळाला दूध बाधतंय वाटतं," आणि ते दूध कढईत गेलं. सप्टेंबरात त्या दुधाची दोनशे चीजं तळघरात फुटबॉलसारखी फुगली. एकही माणूस येऊन म्हणाला नाही की तुझं बरोबर होतं. उलट म्हणाले, "नीट सांगायचं ना."

तेव्हा प्रश्न चाकूचा नव्हताच, दुधाचा होता. ज्याच्या ताटातलं मांस दुसऱ्याने कापून दिलं, त्याचा शब्द या गावात कोणी धरत नाही. ते बदलायचं तर त्याच टेबलावर, त्याच माणसांदेखत, स्वतःच्या चाकूने जेवायला हवं होतं. निदान सोलेनला त्याने असं समजावलं. सोलेन म्हणाली, "किंवा मोठ्याने बोलून बघ." पण ती रुग्णालयात परिचारिका होती. तिच्या हातात सुई असे, त्यामुळे तिचं सगळे ऐकत.

बातमी शेजारी पोचायला एक दिवस लागला. शेजारी आन्सेल्म वेद्रीन, निवृत्त पोस्टमन आणि तीन गायींचा मालक, कुंपणावर कोपर टेकवून उभा राहिला.

"मस्यू लेक्लुझ, चाकू घेताय म्हणे. बूच काढायचा स्क्रू आहे ना त्याला?"

"मला हलका हवाय."

"म्हणजे बाटली समोर आली की काय करणार? हलकेपणाने उघडणार? आणि टोच्या? गायीचं पोट वायूने फुगलं तर बरगडीमागे टोच्या घालून वायू सोडावा लागतो. बिनटोच्याचा चाकू घेऊन माणूस गायीला तोंड कसं दाखवणार?"

"मी गायीजवळ जातच नाही. तिचं दूध माझ्याकडे येतं."

"आज दूध येतंय. उद्या गाय येईल," वेद्रीन म्हणाला आणि आपला चाकू काढून गोतिएच्या हातात ठेवला. "एक दिवस वापरून बघा. मग बोला."

त्या चाकूला पातं, स्क्रू, टोच्या आणि शिंगाची मूठ होती. वजन दोनशे चौदा ग्रॅम. सकाळी साडेनऊला प्रयोगशाळेत गोतिएच्या खिशाची शिवण उसवली आणि चाकू मांडीवरून, गुडघ्यावरून, आतल्या आत थेट बुटात उतरला. नेमकी तेव्हा संचालक मंडळाची मंडळी नवी यंत्रं बघायला आली होती. त्यांच्यासमोर पँट वर करून बुटातून चाकू काढणं गोतिएला प्रशस्त वाटेना. त्याने सगळी प्रयोगशाळा लंगडत लंगडत दाखवली. एका संचालकाने बाहेर पडताना हळूच विचारलं, "जन्मापासून आहे का?"

संध्याकाळी वेद्रीनला हे सांगितलं, तर तो खूश. "पाहिलंत? हरवला का? नाही ना! जड चाकू कधी हरवत नाही."

या वाक्यात किती ज्ञान भरलं होतं ते गोतिएला पुढे कळायचं होतं.

शनिवारी तो चर्चमागच्या क्रूझेच्या दुकानात गेला. क्रूझे म्हाताऱ्याने काचेच्या पेटीतून पाच-सहा चाकू काढून मखमलीवर मांडले. गोतिएने कोटाच्या खिशातून छोटा तराजू काढून शेजारी मांडला.

"हे काय?"

"तराजू. ग्रॅमचा दहावा भाग दाखवतो."

क्रूझेने चष्मा कपाळावर चढवला. "एक्कावन्न वर्षं या गल्ल्यामागे उभा आहे. माणसं अंगठ्यावर धार बघतात, डोळ्यासमोर धरून पात्याची रेषा बघतात. एकाने जीभ लावली होती. पण काट्यावर चाकू घालणारं गिऱ्हाईक आज पाहतोय. किती देऊ, अर्धा किलो?"

एकोणीस चाकू तोलून झाले. शिंगाची मूठ शहाण्णव ग्रॅम, जुनिपरचं लाकूड एकाहत्तर, आणि एक सुरेख बासष्टचा, ज्याच्यावर गोतिएचं मन बसलं होतं पण वहीतल्या रेघा आड आल्या. शेवटी क्रूझे वैतागून वाकला आणि सर्वांत खालच्या खणातून एक चाकू काढला. अक्रोडाच्या लाकडाची बारीक मूठ, साडेसात सेंटिमीटरचं अरुंद पातं, पाठीला साधी स्प्रिंग. काटा थरथरला आणि अडतीस पूर्णांक चारवर थांबला.

"हाच!" गोतिए म्हणाला.

"हा कोणी नेत नाही. माझ्या मेव्हण्याने बायकांच्या पर्ससाठी बनवला होता. बायका म्हणाल्या, आम्हाला खराखुरा चाकू द्या."

गोतिएच्या स्वाभिमानाला जरा ठेच लागली, पण आकड्यापुढे त्याचा इलाज चालत नसे.

"एक ऐका," पाकिटात घालता घालता क्रूझे म्हणाला. "पातं साध्या पोलादाचं आहे, गंजतं. पाण्यात घालू नका. आणि कोरा चाकू घेऊन दूधसंघाच्या जेवणाला जाऊ नका. कोरा चाकू बघितला की लोक ओळखतात, जेवणासाठी आणलाय, आयुष्यासाठी नाही. रोज वापरा. पातं काळवंडू दे, मूठ मळू दे."

"पाण्यात घालायचा नाही, हे लक्षात ठेवीन," गोतिए म्हणाला, आणि त्याने ते लक्षात ठेवलंही. पाचव्या दिवशी पँट धुवायला टाकताना चाकू तिच्या खिशात आहे, एवढंच तेवढं लक्षात राहिलं नाही.

पण त्याआधीचे चार दिवस. अडतीस ग्रॅमच्या चाकूची अडचण अशी की तो खिशात आहे की नाही हे मांडीला कळतच नाही. गोतिए दर पाच-सहा मिनिटांनी खिसा चाचपू लागला. चालताना, बोलताना, परीक्षानळी हातात धरून. दुसऱ्या दिवशी संघाच्या लेखनिक बाईंनी त्याच्या टेबलावर न बोलता नायट्याच्या मलमाची ट्यूब ठेवली. घरी तो दिसेल ते कापत सुटला. पाव कापला, सुतळी कापली, वीजबिलाचं पाकीट बिलासकट कापलं. सोलेनचं पार्सल आलं, ते त्याने एका झोकात उघडलं. आतला स्वेटरही त्याच झोकात उघडला.

"तुझ्या त्या पात्याला सांग," सोलेन म्हणाली, "यापुढे माझ्या पार्सलाशी त्याचा संबंध नाही."

आणि मग धुणं. चाळीस अंश, बाराशे फेरे. चाकू यंत्रातून निघाला तेव्हा पात्यावर तपकिरी ठिपके होते आणि मूठ फुगून पातं आत असं काही अडकलं होतं की दोन नखं तुटली तरी ते उघडेना. गोतिए डगमगला नाही. असल्या प्रसंगासाठीच माणूस विज्ञान शिकतो. चीजमधला ओलावा काढायच्या भट्टीत त्याने चाकू मंद आचेवर दोन तास ठेवला. दोन ग्रॅम पाणी उडालं, ती नोंद झाली. गंज घासून काढला, स्प्रिंगला तीन थेंब तेल सोडलं. पातं आता नुसतं बोट लावलं की फिरू लागलं. चाकूला भट्टीतल्या चीजचा वास कायमचा लागला, पण साँ-वेरनांमध्ये तो दोष मानत नाहीत.

मंगळवारी त्याला प्रयोगशाळेच्या परवान्याचा अर्ज घेऊन जिल्हा कचेरीत जावं लागलं. दारात सुरक्षारक्षक होता.

"खिशात काय आहे?"

"चाकू." गोतिए सहसा खोटं बोलत नसे. या एका सवयीने त्याचं आजवर फार नुकसान केलं होतं.

"कशाला?"

"जेवायला."

"किती वाजता जेवताय?"

"पाच दिवसांनी."

रक्षकाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मस्यू, सबळ कारणाशिवाय चाकू बाळगता येत नाही. आत्ता या क्षणी तुमच्याजवळ मांस आहे का?"

"नाही."

"पाव? सफरचंद?"

"नाही."

"मग कारण नाही. आत नेता येणार नाही. आणि माझ्याकडे ठेवायची सोय नाही. माझ्याकडे ठेवला तर मी चाकू बाळगला असं होतं."

अर्ज घ्यायची खिडकी बंद व्हायला वीस मिनिटं होती. गोतिए पायऱ्या उतरला, इकडे तिकडे पाहिलं आणि पायरीशेजारच्या जिरेनियमच्या कुंडीत, मातीखाली दोन बोटं, चाकू पुरला. डावीकडून तिसरी कुंडी. वहीत लिहिलं.

पाऊण तासाने बाहेर आला, तर डावीकडून तिसरी कुंडी नव्हती. डावीकडून पहिलीही नव्हती. पायऱ्यांवर ओल्या मातीची नुसती वर्तुळं उरली होती. थंडी जवळ आली की नगरपालिका जिरेनियम उचलून काचघरात नेते, हे दर वर्षीचं. पण ते कोणत्या मंगळवारी, हे कोणी वहीत लिहून ठेवत नाही.

काचघरापाशी उद्यान विभागाची खिडकी होती आणि खिडकीत एक बाई.

"कुंडीतला चाकू हवाय," गोतिए म्हणाला.

"हरवला?"

"नाही, ठेवला होता."

"कुंडी कोणाची?"

"नगरपालिकेची."

"म्हणजे नगरपालिकेच्या कुंडीत तुम्ही चाकू लावलात. उगवायला?"

तिने एक अर्ज पुढे केला. त्यात तीन चौकटी होत्या. वस्तू हरवली, वस्तू सापडली, वस्तू चोरीला गेली. गोतिएने बराच वेळ विचार केला आणि खाली स्वतः एक चौथी चौकट आखून लिहिलं, 'वस्तू ठेवली', आणि तीत खूण केली. बाईने अर्ज उलटसुलट पाहिला. "सरकारी कागदावर चित्रं काढलेली चालत नाहीत." दुसऱ्या अर्जावर त्याने जड अंतःकरणाने 'हरवली' म्हणून खूण केली. निरीक्षणाशी विसंगत अशी ही त्याच्या आयुष्यातली पहिली सही.

"छाननीला दहा दिवस. कामाचे," बाई म्हणाली.

कामाचे दहा दिवस म्हणजे जेवण होऊन भांडीसुद्धा वाळणार. गोतिएने सभ्यपणे वाट पाहिली, रोज फोन केला, आणि रोज त्याला सांगण्यात आलं की छाननी सुरू आहे. शनिवारी, म्हणजे जेवणाच्या आदल्या दिवशी, तो सभ्यपणा सोडून काचघराच्या मागच्या दाराने आत शिरला. आत सव्वाशे कुंड्या ओळीने मांडल्या होत्या आणि एक दांडगा माळी स्टुलावर बसून जिरेनियमच्या फांद्या छाटत होता. त्याच्या भल्या थोरल्या पंजात अक्रोडाची बारीक मूठ होती.

"तो माझा आहे!"

"तुमचा?" माळी शांतपणे म्हणाला. "कुंडीतून निघाला. मी म्हटलं, बत्तीस वर्षं खत घालतोय, एकदाचं काहीतरी कामाचं उगवलं." त्याने पातं पँटला पुसलं. "सहाशे कलमं केली याने या चार दिवसांत. माझा चाकू घेतला की दुपारपर्यंत मनगट भरून येतं. याला वजनच नाही. कुठे मिळाला हो? एक सांगू? विकणार असाल तर..."

"नाही," गोतिए म्हणाला. त्या चाकूबद्दल कोणी चांगलं बोललेलं तो पहिल्यांदाच ऐकत होता. त्याने चाकू हातात घेतला. फांद्यांच्या चिकाने पातं निळसर काळं पडलं होतं, मूठ हाताच्या मळाने गडद झाली होती. क्रूझेने सांगितलेलं वर्षाचं काम सरकारी वेळेत, फुकटात झालं होतं. अर्जाची छाननी अजून चालूच आहे.

रविवारी सोलेनला कामावर जायचं होतं. दारात तिने त्याची कॉलर सरळ केली. "चाकू?"

त्याने खिसा चाचपला. "आहे."

"मग जा. आणि या वेळी पोटात दुखलं तरी बस."

संघाच्या मोठ्या दालनात टेबलं लावली होती. अकॉर्डियन वाजत होतं. गोतिए कोपरा शोधत होता, तेवढ्यात लांबून आवाज आला. मादाम सिदोनीला कमी ऐकू येत असल्यामुळे ती सगळ्या जगाशी पलीकडच्या डोंगरावरून बोलल्यासारखं बोलत असे.

"बाळ! इकडे ये, माझ्याजवळ बस! लांब बसलास तर माझा हात पोचायचा नाही!"

दालन हसलं. गोतिए तिच्याशेजारी बसला. सूप झालं, हॅम आलं, आणि चाळीस खिशांतून चाळीस चाकू निघाले. गोतिएनेही काढला, उघडला, ताटाशेजारी ठेवला. समोर बसलेल्या वेद्रीनने मान लांबवली.

"मस्यू, हा चाकू आहे की माशाचा काटा?"

"काय म्हणतोय तो?" मादाम सिदोनी ओरडली.

"काही नाही, मादाम! चाकूचं कौतुक करतोय!" वेद्रीनने ओरडून सांगितलं.

मग गोतिएने हॅम कापलं. पातं अरुंद होतं, पण सहाशे कलमांनी त्याला शहाणं केलं होतं. काप पातळ, सारखे, जवळपास पारदर्शक पडले. त्याने मान खाली घालून चार घास खाल्ले आणि मग हळूच वर पाहिलं. कोणीही त्याच्याकडे पाहत नव्हतं. वेद्रीन बटाटे वाढून घेत होता, मादाम सिदोनी आपल्या ताटात गुंतली होती, पलीकडे कोणाची तरी सून बाळंत झाल्याची चर्चा चालली होती. वर्षभरात गोतिएच्या वाट्याला आलेला हा सर्वांत मोठा मान होता. त्याच्याकडे कोणी लक्ष देत नव्हतं.

त्याच समाधानात त्याने ताटातला रस्सा पावाने निपटून घेतला, इतर पुसतात तसं पातं पावाच्या तुकड्यावर पुसलं, तो तुकडा तोंडात टाकला आणि चाकू मिटला.

टक्‌.

आवाज मोठा होता. मूठ पातळ, स्प्रिंग ताजी तेल दिलेली, उथळ पाण्याला खळखळाट फार. आणि त्या आवाजाबरोबर चाळीस माणसांनी हातातले पेले खाली ठेवले, चाळीस चाकू टकाटक मिटले, चाळीस खुर्च्या सरकल्या आणि दूधसंघ उठून उभा राहिला. अकॉर्डियन मध्येच थांबलं. लोक कोट चढवू लागले.

गोतिएला वाटलं, आग लागली.

गेल्या वर्षी तो शेवटपर्यंत थांबला असता तर त्याला कळलं असतं. साँ-वेरनांत जेवण संपल्याचं कोणी बोलून सांगत नाही. पंगतीतलं सर्वांत वडील माणूस आपला चाकू मिटतं, तो टक्‌ झाला की जेवण संपलं. मग घास तोंडापाशी असला तरी माणूस उठतो. यात विचार करायचा नसतो, बघायचंही नसतं. आवाज मादाम सिदोनीच्या बाजूने आला, तेवढं पुरे.

एकटी मादाम सिदोनी बसून निवांत बटाटा चावत होती. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि दोघी बाया चीजचा अख्खा गोळा, पिंपाएवढा, गाड्यावर घालून आत आल्या आणि चाळीस कोट बघून जागच्या जागी थांबल्या.

"अहो, कुठे निघालात? आणि चीज?"

चीज बनवणाऱ्या संघाच्या जेवणात चीज न खाता उठणं म्हणजे लग्नाला जाऊन अक्षता न टाकताच परतणं.

"मादाम सिदोनींनी चाकू मिटला," कोणीतरी म्हणालं.

"मी?" मादाम सिदोनीला आता कोणीतरी कानात ओरडून सांगितलं होतं. तिने आपला चाकू उंच धरला. पातं उघडं होतं आणि त्यावर बटाटा होता. "मी अजून मेले नाही आणि जेवलेही नाही! कोणी मिटला?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. वेद्रीनने टेबलाखालीसुद्धा वाकून पाहिलं.

गोतिएच्या मुठीत चाकू होता, आणि मूठ एवढी लहान की बाहेरून दिसतही नव्हती. इतका वेळ कोणी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं, आताही कोणी पाहत नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. संशय गेला असता तो पलीकडच्या टेबलावरच्या कोणा दोन रगेल भावांवर, आणि गोतिए लेक्लुझ स्वतःच्या चाकूने जेवलेला माणूस म्हणून मानाने घरी गेला असता. बोललं तर तो या दालनात मरेपर्यंत बाळ. पण यंत्र चुकीचं वाचन देत असेल तर ते कळवावं लागतं. मग ते यंत्र आपण स्वतः का असेना.

तो उभा राहिला. "मी," तो म्हणाला. मग सोलेनचं आठवून मोठ्याने म्हणाला, "मी मिटला! मला माहीत नव्हतं!"

कोट घातलेली चाळीस माणसं त्याच्याकडे बघत राहिली.

"आण इकडे," मादाम सिदोनी म्हणाली.

तिने चाकू तळहातावर घेतला, वर-खाली केला, जणू पाखराचं पिल्लू तोलते आहे. "हा? एवढासा?" तिने तो उघडला आणि मिटला. टक्‌. मागच्या बाजूला चार-पाच जण नुकते परत टेकले होते, ते ताडकन पुन्हा उठले.

"बसा रे!" मादाम सिदोनी गरजली. मग गोतिएकडे वळली. "ज्याने जेवण मिटलं, त्यानेच ते उघडायचं. कोट काढा सगळ्यांनी. चीज हा कापेल. याच चाकूने."

चीज चाळीस किलोचं होतं आणि चाकू अडतीस ग्रॅमचा. एकास जवळजवळ एक हजार, गोतिएच्या मनात हिशोब आपोआप झाला. कोणीतरी हसलं. वेद्रीन म्हणाला, "नाताळपर्यंत होईल."

गोतिएने बाह्या सरसावल्या आणि वरच्या कडेने पातं घातलं. जाड पात्याला चीज चिकटतं, ओढावं लागतं, चुरा पडतो. हे पातं लोण्यातून जावं तसं गेलं. पहिली फोड सुटून सरळ आडवी पडली. दुसरी, तिसरी. लोक ताटं घेऊन रांगेत आले. पाचव्या फोडीला गोतिए थांबला. त्याने चीज नाकाशी नेलं, कापलेला भाग दिव्याकडे धरला आणि नख एका बारीक छिद्रावर टेकवलं.

"हे कोणत्या दिवसाचं?"

"जूनचं. अखेरच्या आठवड्यातलं," बायांपैकी एक म्हणाली. "का?"

"हे चांगलं आहे. खा. पण ही छिद्रं पाहा, सुरुवात झाली आहे. त्या आठवड्याची जेवढी तळघरात आहेत तेवढी महिनाभरात विका. नाताळपर्यंत ठेवलीत तर फुगतील."

एवढं बोलून तो सवयीने गप्प झाला आणि हसण्याची वाट पाहू लागला. हसू आलं नाही. रांगेतली माणसं वाकून छिद्राकडे बघत होती. ज्याच्या हातात चाकू आहे आणि चाकूच्या टोकावर आपलं चीज आहे, त्याचं बोलणं तोडायची या गावात पद्धत नाही.

"किती आहेत तळघरात?" कोणीतरी विचारलं.

"ऐंशी-नव्वद असतील."

"मग सोमवारीच व्यापाऱ्याला फोन लावा," वेद्रीन म्हणाला. "ऐकलंत ना गोतिए काय म्हणतोय? आणि गोतिए, मला जरा जाड फोड घाल. माझ्या गायींचं आहे."

गोतिएने घातली. आपल्याला काय म्हटलं गेलं हे त्याला तीन फोडींनंतर कळलं, आणि तेव्हा पातं जरासं वाकडं गेलं.

पाऊण तास कापणं चाललं. अंगठ्याला फोड आला. लोक आपापली ताटं घेऊन जाईनात, तिथेच उभे राहून खात होते आणि विचारत होते. चरबी कमी का येते, विहिरीचं पाणी तपासून देशील का, पात्याला कोणतं तेल लावतोस. एकाने चाकू हातात घेऊन पाहिला. दुसऱ्याने क्रूझेकडे अजून असे आहेत का विचारलं. अकॉर्डियन पुन्हा सुरू झालं.

शेवटी मादाम सिदोनीने ताट दूर सारलं. "झालं माझं पोट. पण आज बोटांत जोर नाही. तू मिट. तुझ्या चाकूचा आवाज ऐकू जातो."

गोतिएने ताठ उभं राहून, सगळ्या औपचारिकतेने, चाकू मिटला.

टक्‌.

कोणी उठलं नाही. कोणी बोलायचंही थांबलं नाही.

त्याने पुन्हा उघडून पुन्हा मिटला. टक्‌! एका माणसाने मान वळवली, गोतिएकडे पाहिलं, "हा तो लेक्लुझचा," असं शेजाऱ्याला सांगितलं आणि पेला भरून घेतला.

"गेली रे तुझी पत," वेद्रीन समोरून म्हणाला. "आता तुझ्या आवाजावर कोणी उठायचं नाही. बस, पेला पुढे कर."

मादाम सिदोनीने दालनाकडे एकवार पाहिलं, खांदे उडवले आणि आपला जुना चाकू परत उघडला. "मग रिकामी कशाला बसू?" ती म्हणाली. "एक फोड इकडे घाल. या वेळी जरा मोठी."

गोतिएने अंगठ्याने पातं उचललं आणि पुन्हा कापायला घेतलं.